फ्रँकफर्टच्या ट्रान्झिटमधली भाऊबीज

"मंग व्हिसा लागत न्हाई म्हंल्यावर भायेर जाता येतंच की!" गयाबाई टेबलावर हात ठेवून म्हणाल्या.

जालन्यातल्या माझ्या ट्रॅव्हल एजन्सीत त्या नवऱ्याबरोबर, दत्तरावांबरोबर आल्या होत्या. कुंभार पिंपळगावची शेतकरी मंडळी. लेक अमेरिकेत, तिचे दिवस भरत आलेले. तिकीट फ्रँकफर्टवरून होतं, आणि फ्रँकफर्टला गयाबाईंचा धाकटा भाऊ मधू राहायचा. किडन्या निकामी, डायलिसिस चालू, त्यामुळे त्याचं भारतात येणं बंद झालेलं. दर भाऊबीजेला गयाबाई चंद्राला ओवाळायच्या.

"तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, म्हणून जर्मनीचा लागत नाही," मी समजावलं. "पण ती सवलत फक्त विमान बदलण्यापुरती. त्याला ट्रान्झिट म्हणतात. उतरायचं, आतल्या हॉलमध्ये बसायचं, दुसऱ्या विमानात चढायचं. दाराबाहेर पडायचं तर वेगळा व्हिसा."

"मंग त्यालाच आत बोलावते."

"आत फक्त प्रवासी सोडतात, काकू."

दत्तराव वैतागले. "आपल्या ष्टँडवर कुनीबी फलाटापत्तर येतंय. हे काय भलतंच?"

वेगळ्या व्हिसासाठी मुंबईला अर्ज करावा लागे आणि तो कधी हाती पडेल याचा भरवसा नव्हता. बाळंतपण काही थांबणार नव्हतं. येताना लेक तिकडूनच व्हिसा काढून देईल, मग भावाकडे चार दिवस राहा, असं ठरलं.

फ्रँकफर्टहून पुढची विमानं दोन होती. एक लगेच, एक जवळजवळ दिवसभर बसवून ठेवणारं. मी लगेचचं सुचवलं.

"उशिराचं द्या."

"काकू, दिवसभर खुर्चीवर बसून काय करणार?"

"त्याच्या गावात तं ऱ्हाईन."

मी उशिराचं बुकिंग केलं.

पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. मधूच्या बायकोने त्याला व्हीलचेअरवरून एअरपोर्टवर आणलं आणि बाहेरच्या हॉलमध्ये बसवलं. आत भिंतीवर पैसे टाकून बोलायचा फोन होता; त्यावरून एका हैदराबादच्या प्रवासी मुलीने गयाबाईंना त्याचा मोबाइल लावून दिला. इमारत एकच, मधे भिंती. दिवाळी सरली होती, पण आपल्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते. दिवा लावू देणार नव्हते. गयाबाईंनी पिशवीतली सुपारी काढली, बोटातली अंगठी काढली.

"मधू, डोक्यावर टोपी घाल रे. ओवाळून राह्यले."

"घातलीये अक्का. घरूनच आनली."

त्यांनी भिंतीवरच्या फोनला ओवाळलं. आजूबाजूचे गोरे बघत होते, म्हणे. बघू देत.

दोन महिन्यांत मधू गेला. व्हिसाचे कागद तेव्हा कुठे जमत आले होते. गयाबाईंचा अमेरिकेतून मला फोन आला.

"दादा, येतानाचं तिकीट दुसऱ्या गावावरून करा. आता तिथं माझं कोन बसलंय?"

मी ॲमस्टरडॅमवरून करून दिलं. कॉम्प्युटरवर फ्रँकफर्टचं नाव खोडताना मला रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी आलं.

आता कुणी "वाटेत व्हिसा लागत नाही ना?" असं विचारलं, की मी नियम नंतर सांगतो. आधी विचारतो, तिथं तुमचं कुणी राहतं का?