शहरात निळे झेंडे

१२ फेब्रुवारी. काम: लाकडाचा भुसा निळ्या रंगात भिजवून गच्चीवर वाळत घालणे.

भुसा नद्यांसाठी. उद्या नऊ वाजता जनरलसाहेबांसमोर आमच्या ह्यांचं लष्करी इतिहासावर व्याख्यान होतं. विषय, फ्रान्समधल्या ल्योनचा वेढा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर पॅरिसच्या सरकारविरुद्ध उठलं आणि सरकारी फौजेने दोन महिने वेढून ते घेतलं. असं व्याख्यान जमिनीवर मांडलेल्या वाळूच्या नकाशाभोवती देतात. तो मांडणारे जवान एक्सरसाइजवर गेलेले. प्रमोशनचं बोर्ड तोंडावर, आणि शेरा लिहिणार हेच जनरलसाहेब.

“तू काढ ना. रांगोळीच आहे म्हण,” हे म्हणाले.

पुस्तकातला नकाशा पाहिला. दोन नद्या, मध्ये शहर, खाली संगम. मी कऱ्हाडची, मला संगम कोण शिकवणार? दुपारी मेसच्या हॉलमध्ये ओल्या वाळूवर टेकड्या थापल्या, नद्या भरल्या, काडेपेट्यांची घरं लावली. हळदीकुंकवात साठलेले ब्लाउजपीस एकदाचे कामाला आले. त्यांचे लाल-निळे झेंडे कापून टूथपिकांना चिकटवले. निळे आपले, लाल शत्रूचे. छावणीत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सगळे रोवले, फोटो काढला, मेसच्या भैयाने हॉलला कुलूप लावलं.

जेवताना ह्यांना फोटो दाखवला. घास हातातच राहिला.

“अगं, शहरात निळे?”

“मग? आत आपली माणसं नाहीत का?”

“आत बंडखोर आहेत!”

“अहो, वेढ्यात सापडलेले ते आपले. लहानपणापासून हेच ऐकलंय. गडावर आपण, खाली शत्रू.”

“मी उद्या सरकारी फौजेच्या बाजूने बोलणार आहे. पगार कोण देतं आपल्याला? सरकार!”

लेक पोळी मोडत म्हणाली, “आई, अट्ठारह सौ सत्तावन के घेरे में रेज़ीडेंसी के अंदर तो अंग्रेज थे. वो भी अपने?”

लखनौमध्ये राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल. पण कबुली मनातल्या मनात दिली.

“तू भाजी संपव,” मी तिला म्हटलं.

हे कपाळाला हात लावून बसले. “जनरलसाहेब आधी झेंडेच बघतात. पहिल्याच मिनिटाला माझी फौज शत्रू ठरणार.”

“किल्ली किती वाजता मिळते?”

“सहाला.”

“मग झोपा.”

१३ फेब्रुवारी. सकाळी सहाला थाळी आणि चमचा घेऊन हॉलमध्ये गेले. आधी बाहेरचे लाल उपटून थाळीत घेतले, मग शहरातले निळे काढून बाहेर रोवले. फ्रेंचांना दोन महिने लागले, मी अर्ध्या तासात शहर फिरवलं. भोकं चमच्याने बुजवली. गुडघ्याखाली नदीचा एक काठ गेला, तिथे पुन्हा भुसा टाकला. एक लाल झेंडा तेवढा उरला असताना मागे बुटांचा आवाज आला. जनरलसाहेब, सकाळच्या फेरीवरून थेट आत.

“गुड मॉर्निंग, मैडम. इसमें अपने लोग कौन हैं?”

“बाहरवाले, सर. नीले,” मी म्हटलं आणि लाल झेंडा शहराच्या मधोमध रोवला.