कंसातला मंत्र

तांब्याचा मोठा हंडा आडवा टाकलेला, त्याच्या पोटात पाय दुमडून बसलेला मी, आणि गुडघ्यांवर गुलाबी कव्हराचं एक पातळ पुस्तक... नाशिकच्या आमच्या तांबट गल्लीतले दिवस आठवायला बसलो की आधी हेच डोळ्यांपुढं येतं. बाहेर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हातोडा चाललेला असे. भांडं घडून झालं की अंगभर बारीक ठोके देऊन त्याला कणखर करतात, त्याला आमच्यात मठारणं म्हणतात. गल्लीतल्या घराघरांतून मठारण्याचा तो नाद उठे आणि हंड्याच्या पोटात शिरून घुमत राही. चिंचेच्या कोळाचा आंबट वास, कोळशाची धग, तापलेल्या धातूची नुसत्या श्वासाबरोबर जिभेवर येणारी तुरट चव — आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक राजपुत्र कड्यावरून लोंबकळतोय, हातातली वेल तुटत आलीय, आणि खाली मगरींनी भरलेला काळाशार डोह.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. शाळेच्या वाटेवर अण्णांची टपरी होती, तिथं जादूच्या कादंबऱ्या भाड्यानं मिळत. एकेक कादंबरी दहा-दहा, बारा-बारा भागांची. पाताळातल्या राण्या, बोलणारे खड्ग, कवटीत जीव ठेवणारे जोगी... आज मी चार वाक्यं धड लिहितो ती त्या पुस्तकांच्या जिवावर. ‘दिग्मूढ’, ‘अक्राळविक्राळ’, ‘निबिड अरण्य’ हे शब्द मला कुणी शिकवले नाहीत. अर्थ न कळताच ते जिभेवर येऊन बसले, गुळाच्या खड्यासारखे.

पण एक भाग वाचून झाला की जी तगमग सुरू होई ती काही विचारू नका. पुढचा भाग दुसऱ्याच कुणी नेलेला असायचा. “परवा ये,” अण्णा म्हणायचे, आणि परवा गेलो की पुन्हा, “आत्ताच गेला बघ, तू जरा उशीर केलास.” मी गोदावरीच्या घाटावर उगाच फेऱ्या मारी. पांडवलेण्यांच्या डोंगरावर चढून तिथल्या भिंतींवर हाताच्या मुठी आपटून बघे — एखादी तरी शिळा आतून पोकळ वाजेल म्हणून. घरी दादांनी ठोके द्यायला बसवलं तर तिसऱ्या ठोक्याला अंगठा चेचून घेई. राजपुत्र तिकडे लोंबकळतोय आणि मी इथं घागर धरून बसलोय, हे मला सहनच होत नसे.

त्या प्रत्येक भागाच्या शेवटी, पानाच्या मधोमध, कंसात एक शब्द छापलेला असे: (क्रमशः).

हा मंत्र आहे हे मी माझ्यापुरतं ओळखलं होतं. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी ‘नमः नमः’ म्हणतात तशीच त्याच्याही शेवटी दोन टिंबं. शिवाय पुरावाही होता. राजपुत्र मरणाच्या दाराशी, मग तो शब्द, आणि पुढचा भाग उघडावा तर पठ्ठ्या खडकावर बसून केस पुसतोय. कसा वाचला ते लिहिणारा बहुधा विसरून गेलेला असे, किंवा त्याला घाई असे. मला मात्र त्याची गरज वाटली नाही. वाचवणारा शब्द छापलेलाच होता की. तो मी स्वतः वापरूनही पाहिला. गल्लीतला पिसाळल्यासारखा भुंकणारा कुत्रा अंगावर आला तेव्हा डोळे मिटून म्हणालो, आणि कुत्रा गेला. गणिताच्या तासाला म्हणालो, आणि मास्तरांचं बोट माझ्या शेजाऱ्यावर थांबलं. कधीकधी नाहीही लागू पडायचा. तेव्हा उच्चार चुकला असं धरून चालायचो.

मराठीच्या बाईंनी एके दिवशी माझ्या पाठ्यपुस्तकात दडवलेला सातवा भाग पकडला. त्या चिडल्या नाहीत. “बघू तरी, एवढं काय आहे यात,” म्हणत त्यांनी शेवटचं पान सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज असा छान, की राजपुत्र समोर दिसायला लागला. शेवटच्या शब्दाशी त्या आल्या आणि त्यांच्याबरोबर माझेही ओठ हलले.

“काय पुटपुटलास रे दत्तू?”

“मंत्र, बाई.”

“कसला मंत्र?”

“तोच. कंसातला. माणूस वाचतो त्यानं.”

मागच्या बाकावरून सुरेश म्हणाला, “बाई, गणिताच्या तासाला पण हा तोच म्हणतो. तरी छड्या खातो.”

पोरं हसली त्याचं काही नाही, पोरं कशालाही हसतात. पण बाईही हसल्या. पदर तोंडाशी धरून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अरे वेड्या, क्रमशः म्हणजे बाकीचं पुढच्या भागात. ये, फळ्यावर अर्थ लिही आणि बस.”

“मग तो वाचला कसा ते सांगा.”

“लेखकानं वाचवला.”

“तसं कुठं लिहिलेलं नाही.”

बाईंचं हसू मावळलं. “लिहितोस की नाही?”

“नाही लिहिणार.”

“मग लिहावंसं वाटेपर्यंत बाहेर उभा राहा.”

मी बाहेर गेलो. व्हरांड्यात थांबलो नाही, दप्तरही घेतलं नाही, सरळ फाटकातून निघालो. खरं सांगतो, फाटक ओलांडायच्या आतच मला उमगलं होतं की बाईंचंच बरोबर आहे. ते सगळे सात भाग एकदम डोळ्यांपुढून सरकले आणि त्या मंत्राचा नुसता शब्द झाला... पण पाय मागे वळेनात.

“दोन शब्द खडूनं लिहिले तर हात झडेल का तुझा?” घरी सगळं ऐकून दादा म्हणाले. “जा उद्या, लिही आणि मोकळा हो.”

“मंत्रच आहे तो,” मी म्हणालो.

“असं? मग धर हातोडा.”

धमकी होती ती. मी हातोडा धरला. मी तो खाली ठेवायची दादा वाट पाहत राहिले आणि ते काढून घेतील म्हणून मी. चौथ्या दिवशी सुरेश माझं दप्तर घेऊन दारात आला. “बाईंनी सांगितलंय, लिहू नको. नुसता ये.” मान खाली घालून पुन्हा म्हणाला, “ये ना, दत्तू.” दादांचा हातोडा थांबला होता. “येत नाही म्हणावं,” मी म्हणालो. शाळा तिथं संपली. टपरी त्याच वाटेवर, म्हणून पुस्तकंही संपली. आठवा भाग मी कधी वाचला नाही. कितीतरी वर्षं काम करताना मधेच छातीत तीच तगमग उठायची, आणि ती कुणासाठी हे कळायचं नाही.

पुढं ऐंशी साल उलटल्यावर एकदा त्याच बाई आमच्या दुकानी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, कळशीवर नाव घालून हवं होतं. ‘चि. सौ. कां. कीर्ती’. “दोन्ही दीर्घ आहेत हं,” त्या म्हणाल्या. “ठाऊक आहे,” म्हणत मी छिन्नीनं ठिपका-ठिपका उमटवत गेलो. चष्मा चढवून त्यांनी अक्षर न् अक्षर तपासलं आणि रफारावर बोट फिरवलं.

“अक्षर सुरेख आहे तुझं. कुठवर शिकलास?”

“सातवी. तुमच्याच वर्गात होतो, बाई.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. चेहरा आठवेना, ती गोष्ट तर मुळीच आठवली नाही. “हो का? मग सोडलीस कशाला रे? एवढी चांगली अक्षरं...”

दादा मागे घागर मठारत बसले होते.

“घरची अडचण होती,” मी म्हणालो.

दादांचा ठोका चुकला. मग पुन्हा लागला, पहिल्यासारखाच, सावकाश. बाई हळहळल्या, दादांकडे वळून म्हणाल्या, “मुलाला शिकवायला हवं होतंत हो.” दादांनी मान डोलावली. “चुकलंच, बाई,” म्हणाले.

त्यानंतर दादा बारा वर्षं जगले. आम्ही दोघं रोज समोरासमोर बसून ठोके देत होतो, आणि ते वाक्य मी परत घ्यावं म्हणून त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.