गोरक्षनाथ ड्रायव्हर खर्ड्याचा किल्ला बघतो

गोरक्षनाथची सगळी नोकरी एसटीच्या चाकामागं गेली. कर्जत, जामखेड, खर्डा, परत जामखेड. उन्हाळ्याची सुट्टी लागली की लोकांच्या गाठोड्यांनी गाडी भरायची. पोरं मामाच्या गावाला, लेकी माहेराला, वऱ्हाडं लग्नाला. सगळ्यांची सुट्टी ती त्याची धावपळ. खर्ड्याला गाडी उभी केली की किल्ल्याचा काळा तट समोर दिसायचा. तोंडावर पाणी मारता मारता तो एक नजर टाकायचा, तेवढ्यात कंडक्टरची घंटी वाजायची.

तो निवृत्त झाला त्यानंतरच्या मे महिन्यात नात पंकजा सुट्टीला आली. एका दुपारी तिनं विचारलं, "आजोबा, खर्ड्याच्या किल्ल्यात आत काय हाय?"

 गोरक्षनाथची बायको बनुबाई चुलीपाशी होती, ती खुदकन हसली. "त्यांना काय इचारती? त्यांनी भिताडाच्या आत कवा पाऊल तरी टाकलंय का?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच बनुबाईनं भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, दोन कैऱ्या घेतल्या आणि तिघं एसटीनं निघाली.

किल्ल्याच्या उंच दरवाजातून आत शिरताच बाहेरचा उन्हाळा मागं राहिला. पहारेकऱ्यांसाठी केलेल्या दगडी ओट्यांवर गार सावली होती. वर पारवे घुमत होते. आत तटाच्या चारी भिंतींमध्ये सगळं माळरान होऊन पसरलेलं. वाळलेलं गवत, मधेच एखादा लिंब, पडक्या जोत्यांचे दगड, एक जुनी विहीर. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, पण त्यांचा आवाज इथं येईतोवर पाण्याखालून आल्यागत व्हायचा.

पंकजा पोपटांच्या मागं पळाली. जेवण झालं आणि गोरक्षनाथ ओट्यावर आडवा झाला. पाठीला दगड गार लागला. डोळे मिटले तशी भिंत हळूहळू हलायला लागली. सगळा किल्ला चारी बुरुजांसकट चालू झाला, बाभळीच्या रानातून, आटलेल्या ओढ्यावरून, सावकाश, धक्का न देता. खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणाच्या डोक्याला पागोटं, कुणाच्या मांडीवर बाळ. कुणी उतरायची घाई करीना, कुणी वेळ विचारीना. पुढं वळण आलं आणि त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला.

"अवो, दगडाला लाथा कशाला मारताय?" बनुबाई त्याला हलवत होती.

तो उठून बसला, ओशाळून हसला. "गाडी लई चांगली चालली हुती गं."

"चला, वर जाऊ. पंकी गेली बी."

तटावर जाणारा जिना अरुंद होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. घाटातली वळणं एका हातानं काढणारा गोरक्षनाथ अर्ध्यात आला आणि थबकला.  खालचं गवत वर यायला लागलं. त्यानं दोन्ही तळवे भिंतीला टेकले.

"मी हितंच थांबतो," तो म्हणाला. "तुमी या बघून."

बनुबाई वरून दोन पायऱ्या खाली आली. तिनं हात पुढं केला. चारचौघांत हातात हात घ्यायची रीत त्या दोघांना ठाऊक नव्हती. गोरक्षनाथनं इकडंतिकडं बघितलं. वर फक्त आभाळ होतं.

"खाली बघू नका. माझ्याकडं बघा."

"तुज्याकडं?"

"मग काय झालं? कधी तर बघा."

तिचा हात खरखरीत होता, कांद्याचा वास येणारा. तो धरून तो एकेक पायरी चढला. बायकोच्या हनुवटीवर बारीकसं गोंदण आहे, हे काही त्याला नव्यानं कळलं नाही. पण ते इतकं हिरवं आहे, हे मात्र आजच दिसलं.

वर वारा भन्नाट होता. बनुबाईचा पदर फडफडत होता. खाली गावाची पत्र्याची छपरं, त्यापलीकडं नांगरून तापत पडलेली रानं, आणि त्यातून दोरीसारखा गेलेला रस्ता. त्या रस्त्यावरून लाल गाडी येत होती. इथून ती मुंगीएवढी. गोरक्षनाथ तिच्याकडं बघत राहिला. गाडी उभी राहिली, माणसं उतरली, माणसं चढली.

"आजोबा, आपली गाडी!" पंकजा ओरडली. "पळायचं का?"

"न्हाई पळायचं," तो म्हणाला. "जाऊ दे तिला."

गाडी धूळ उडवत निघून गेली. तिघं बुरुजाच्या सावलीत बसली. बनुबाईनं उरलेली कैरी दगडावर आपटून फोडली, मीठ लावलं. आंबट लागून पंकजानं डोळे मिचकावले. गोरक्षनाथनं बायकोचा हात अजून सोडला नव्हता, आणि तिनंही तो सोडवून घेतला नाही. उन्हं कलली, तटाची सावली माळरानावरून लांब होत विहिरीपर्यंत पोचली, तरी कुणी उठायचं नाव घेईना.