एक मिळवायचा

मला स्वस्थ बसता येत नाही. ही तक्रार माझ्या आईपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी केली आहे आणि ती खरी आहे. वर्गात मी खुर्चीवर बसलेला दिसलो, तर समजावं की सरांना आज ताप आहे. एरवी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत नुसत्या येरझारा. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायला जरा उशीर झाला की आपणच सांगून मोकळं व्हायचं. मुलांना वाटायचं, सर किती हुशार! मलाही तसंच वाटायचं.

मी मूळचा नगरकडचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा वसईच्या वाड्यांच्या पट्ट्यातल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. शाळेच्या तिन्ही बाजूंना केळी, पोफळी आणि पानवेली, आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या विहिरीवर इंजिन फटफटत असायचं. आमच्याकडे शेत म्हणजे नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी. झाडं मोजायची वेळ आमच्या सात पिढ्यांत कुणावर आली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. शाळेच्या मागेच त्यांची वाडी. सकाळी वाडीतलं काम उरकून शाळेत यायची, त्यामुळे तिच्या युनिफॉर्मवर केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे. बोलणं कमी. पण गणित घातलं की ही बाकीच्यांसारखी लगेच वहीत डोकं खुपसायची नाही. आधी खिडकीबाहेर बघायची, मग दोन ओळी लिहायची, की झालं. मला तिचं ते बाहेर बघणं सहन व्हायचं नाही. 'अगं, उत्तर काय झाडावर लटकलंय का?' असं मी किती वेळा म्हणालो असेन!

त्या वर्षी तालुक्याची गणित स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी. तालुक्यातून पहिले दोन नंबर ठाण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. मी हिचं नाव घातलं आणि परवानगी मागायला तिच्या वडिलांकडे गेलो. ते केळीच्या बुंध्याशी माती ओढत होते. हातातलं फावडं न सोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, हिच्या थोरल्या दोघी दहावी होऊन घरी बसल्या. ही पण बसणार. उगाच पोरीच्या डोक्यात काही भरवू नका."

"ठाण्याला नंबर लागला तरी?" मी विचारलं.

त्यांनी फावडं मातीत रोवलं. मग म्हणाले, "पहिल्या दोघांत आली तर अकरावीला घालतो. नाही आली तर विषय बंद. दिला शब्द."

ती पलीकडे विहिरीच्या काठावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तास-दीड तास ती थांबायला लागली, आणि माझ्या येरझारांना नवीन जोर चढला.

मी तिला रीती पाठ करून घेत होतो. प्रत्येक गणिताची एक रीत, वेळ वाया घालवायचा नाही. त्यातलीच एक रीत एकदा सगळ्या वर्गाला सांगितली. शंभर मीटरची ओळ, पाच-पाच मीटरवर झाडं, तर झाडं किती? वर्ग ओरडला, वीस! मी टाळी वाजवली. ह्याच क्षणाची मी वाट बघत असायचो. "एकवीस! पहिलं झाड शून्यावर लागतं, ते विसरलात. भागाकार करायचा आणि एक मिळवायचा. नेहमी एक मिळवायचा!"

तिनं हात वर केला. "सर, कुंपणाला पण?"

"कुंपणालाही."

"पण सर, कुंपण फिरून परत पहिल्याच झाडापाशी येतं ना. मग मिळवायचा कशाला?"

घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि मला फळ्यावर अजून एक उदाहरण टाकायचं होतं. मी खडू आपटला. "हे बघ, वाडीतली अक्कल वाडीत, केळीच्या बुंध्याशी पुरून ये. इथे मी सांगतो ती रीत!" सगळा वर्ग खो खो हसला. वर्ग हसला की मला बरं वाटायचं. ती खाली बसली आणि वहीत 'नेहमी एक मिळवायचा' असं लिहून त्याखाली तिनं रेघ मारली. ते मी पाहिलं आणि समाधानानं पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

स्पर्धा डिसेंबरात होती, वसई गावातल्या एका मोठ्या शाळेत. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती आणि मी शेजारी बसून तिला रीती विचारत होतो. काळ-काम-वेग झालं, नफा-तोटा झाला, 'एक मिळवायचा' झालं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. केंद्रावर जूचंद्रची मुलं होती, गोखिवऱ्याची होती, विरारची तर चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांत होती. घंटा झाली, मुलं आत गेली, आणि आम्ही शिक्षक व्हरांड्यातल्या बाकावर.

मी बाकावर बसलो ते फार तर पाच मिनिटं. एकदा पाणी प्यायलो. एकदा नोटीसबोर्ड वाचला. पुन्हा पाणी प्यायलो. अर्ध्या तासानं आम्हाला पेपरची एकेक प्रत मिळाली, सायक्लोस्टाइल केलेली, हाताला शाई लागणारी. मी उभ्या उभ्याच, एक पाय बाकावर टेकवून, गुडघ्यावर ठेवून सोडवायला लागलो. दहा गणितं. सातव्यापाशी आलो आणि माझा चेहरा फुलला. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद अशी आयताकृती वाडी. कडेनं सभोवार पाच-पाच मीटरवर नारळाची रोपं, चारही कोपऱ्यांवर एकेक धरून. किती रोपं लागतील? परिमिती दोनशे, भागिले पाच, चाळीस, अधिक एक. एक्केचाळीस! मी शेजारच्या मास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "हे आमच्या पोरीचं पाठ आहे." ते त्यांचा डबा उघडत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

आता काय करायचं? दीड तास उरला होता. समोर शाळेची छोटी बाग होती, चौकोनी, भोवती लाकडी खांब आणि तार. मी त्या कुंपणाला फेऱ्या मारायला लागलो आणि सवयीनं खांब मोजायला लागलो. अठ्ठावीस. दुसऱ्या फेरीला एकोणतीस. हात्तिच्या! गणिताचा मास्तर आणि खांब मोजता येईनात. तिसरी फेरी मारली, पुन्हा अठ्ठावीस. मला असलं काही अर्धवट सोडवत नाही. मी खिशातला रुमाल काढला, एका खांबाला बांधला आणि तिथून 'एक' म्हणून निघालो. दोन कोपरे झाले, तिसरा झाला, चौथा झाला. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एकोणतीस म्हणायला बोट पुढे केलं, आणि बोटासमोर माझा रुमाल.

मी तिथेच उभा राहिलो. कान तापले. फिरून परत पहिल्यापाशीच येतं ना सर. अरे देवा! चाळीस. उत्तर चाळीस होतं. एक मिळवायचा नव्हताच.

त्यानंतरची दहा मिनिटं मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. आत पाणी घेऊन जाणाऱ्या शिपायाला गाठलं आणि "एक निरोप द्याल का" असं म्हणून बसलो. त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी लगेच "नाही, काही नाही" म्हणून बाजूला झालो. मग शाळेला अर्धा वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिकडून त्यांच्या वर्गाची खिडकी दिसत होती. ती तिसऱ्या बाकावर होती. मी गज धरून उभा राहिलो. हातानं खूण करणार होतो का? हो, करणार होतो. खोटं कशाला बोलू? चार बोटं आणि एक शून्य. हात अर्धा वर गेलासुद्धा.

तिनं वर पाहिलं. मला पाहून जरा हसली. मग एकदम काही आठवल्यासारखं तिनं पेपर मागे उलटला, एका ठिकाणी लिहिलेलं खोडलं आणि बाजूला दुसरं काही लिहिलं. माझा हात खाली आला. वर्गावरच्या बाईंनी मला पाहिलं, खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्हीच असं करायला लागलात तर कसं?" मी माफी मागून तिथून निघालो. पण खरं सांगतो, मला हायसं वाटत होतं. खोडलं ना तिनं! एक्केचाळीस खोडलं असणार, चाळीस केलं असणार. हुशार पोर ती. माझी रीत चुकीची आहे हे तिला आधीपासून ठाऊकच होतं. मी रुमाल सोडून आणला आणि त्यानं तोंड पुसलं.

घंटा झाली. ती धावतच बाहेर आली.

"सर, बरं झालं तुम्ही खिडकीत आलात! सातव्याला मी चाळीस लिहून ठेवलं होतं. तुम्हाला पाहिलं आणि आठवलं. खोडलं आणि एक मिळवला."

तिचा चेहरा इतका खुललेला होता! मी तिला काय म्हणालो असेन? "शाब्बास." हा एकच शब्द तोंडातून निघाला. एसटीत ती मला बाकीची नऊ गणितं सांगत होती. नऊच्या नऊ बरोबर होती. मी हं हं करत होतो आणि माझा पाय सारखा पुढच्या सीटला लागत होता. पुढच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. विरारचा एक आणि जूचंद्रचा एक, असे दोघे ठाण्याला. ही तिसरी. एका गणितानं.

ती वर्गात यायची, पण शाळा सुटली की थांबायची नाही. आता थांबायचं कशाला? खिडकीबाहेर बघणंही बंद झालं होतं. मी प्रश्न विचारला की लगेच वहीत रीत शोधायची. सगळ्यांसारखी. दोन दिवस मी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा होती. सुटल्या सुटल्या तडक वाडीवर गेलो.

वडील विहिरीपाशी होते. मी बसा-उठाची वाट न बघता सगळं सांगून टाकलं. रीत सांगितली, रुमाल सांगितला, खिडकीसुद्धा सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं आणि माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

"कुंपणाला एक जास्त?" ते म्हणाले. "मास्तर, आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं हो हे. आणि पाच मीटरवर नारळ लावणारा कोण तो शहाणा? पंचवीस फूट तरी पाहिजेत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "हिनंच सांगितलं होतं."

पाटातलं पाणी हळूहळू ओसरत होतं. मग त्यांनी तिला हाक मारली. त्यांच्या घरच्या बोलीत त्या चाळीसचं काही विचारलं, तिनं मान डोलावली. मला त्यातलं अर्धंच कळलं.

"म्हणजे ती चुकली नव्हती," ते मला म्हणाले.

"नाही."

"मग झालं तर. नंबर आला असं धरतो. अकरावीला घालतो. काय घ्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा." आणि ते इंजिन सुरू करायला वाकले.

मला वाटलं, पोर आता नाचेल. माझ्या जिभेवर तर सगळं तयार होतं. सायन्स घे, गणित घे, अमुक कॉलेज, अमुक पुस्तकं. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, मी तोंड मिटून घेतलं. "तू सांग," एवढंच म्हणालो आणि थांबलो.

ती पलीकडच्या कुंपणाकडे बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं ओली माती टोकरत होती. मी हात मागे बांधून घेतले, नाहीतर ते काहीतरी करून बसले असते.

"ते नंतर सांगते सर," शेवटी ती म्हणाली. "आधी तुम्ही वर्गात सांगा. चाळीस बरोबर होतं म्हणून."

"सांगतो की."

"सगळ्यांसमोर. तेव्हा सगळे हसले होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हीच हसवलं होतं."

मी हो म्हणालो. शनिवारची दुपार होती. सोमवारची पहिली घंटा व्हायला अजून पावणेदोन दिवस होते, आणि ते मी कुठे आणि कसे काढले, मला आजही सांगता येणार नाही.