चिखलातून सुटलेली गाडी

“अगदी मागे कोण बसलंय?” गाडी चालवता चालवता ओंकारने विचारलं.

“कोणी नाही रे, मुग्धाच आहे,” सायली म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात ओढ्याकाठच्या चिखलात जीप रुतली आणि ओंकार सोडून आम्ही सगळे ढकलायला उतरलो. तो ॲक्सिलरेटर दाबी, तसं चाक जागच्या जागी फिरत आणखी खाली जाई. शाळेपासूनच्या या मैत्रीत माझंही तेच होतं. प्रत्येक सहलीला येते, प्रत्येक विनोदावर हसते, आणि तिथल्या तिथेच असते.

शेवटी जीप सुटली. ऑफ-रोडिंगमध्ये चिखलातून सुटलेली गाडी थांबवत नाहीत, नाहीतर ती पुन्हा रुतते. ढकलणाऱ्यांनी पळत जाऊन चढायचं असतं. सगळे पळाले, आधी चढलेल्यांनी मागच्या एकेकाला वर ओढून घेतलं. माझे बूट जड झाले होते, पण खरं तर मी पळालेच नाही. कोणी वळून बघतं का, ते बघत उभी राहिले.

“आले ना सगळे?” ओंकार ओरडला.

“आले, आले. चल तू,” आतून कोणीतरी म्हणालं.

जीप चढावापलीकडे दिसेनाशी झाली. चाकांच्या खोल खुणांत पाणी हळूहळू भरू लागलं. त्या पाण्याकडे बघत मी म्हणाले, “मी राहिलेय.”