आपलीच सून

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या पट्ट्यात तीन फिलिपिनी सुना होत्या. आखातात नोकरीला गेलेले वसईचे ख्रिस्ती मुलगे तिथेच त्यांच्या प्रेमात पडले, लग्नं केली आणि नोकऱ्या सुटल्यावर त्यांना घेऊन घरी आले. मी तेव्हा बायकांना छोटे धंदे काढून द्यायच्या उद्योगात होते. पापड, शिवण, खानावळ, काय वाट्टेल ते. एका फादरनी या तिघींनाही माझ्या गळ्यात घातलं. एक महिन्याभरात कंटाळून घरी बसली. दुसरी नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये राहायची, तिने केस कापायचं दुकान काढलं आणि ते झकास चाललं. तिसरी नंदाखाल गावातली. तिची आठवण निघाली की माझं डोकं अजूनही फिरतं.

तिची आई कुठल्याशा बेटावर एकटी राहायची. मनिलाहूनही पुढे बोटीने जावं लागतं म्हणे, पण गावाने हिला 'मनिलाची' ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर मायलेकींची भेट नव्हती. आईची दृष्टी हळूहळू जात चालली होती, आणि ती पूर्ण जायच्या आत आईने आपलं तोंड एकदा बघावं, एवढंच हिला हवं होतं. नवरा आता घरची केळीची बाग बघायचा, वाईट नव्हता. "पुढच्या वर्षी जाऊ," म्हणायचा. केळीच्या बागेतलं हे पुढचं वर्ष कधीच येत नाही, हे मला माझ्या माहेरावरून पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिकीट तिच्याच कमाईचं काढायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

तिला रोल करता यायचे. मैद्याचा ओला, लिबलिबीत गोळा हातात धरून तापल्या तव्यावर टेकवायची आणि झटकन उचलायची. मागे इतका पातळ पापुद्रा राहायचा की त्यातून तवा दिसावा. आत कोळंबी, कोबी, गाजर. तळून झाले की सोबत लसूण घातलेला ताडीचा आंबट शिरका. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चबाहेर मी तिला टेबल मांडून दिलं, पाटी रंगवून घेतली, भाव ठरवला. लोक तुटून पडले. परदेशी बाई, परदेशी खाणं! शेजारच्या गावांतूनही माणसं यायला लागली.

पहिल्या कमाईतून तिने काय घ्यावं? चाकांची बॅग! मी वैतागले.

"आधी मोठी कढई घ्यायची ना, बाई!"

"कढई इथेच राहणार, अते," ती हसून म्हणाली. त्यांच्यात मोठ्या बहिणीला अते म्हणतात.

बॅग कपाटावर चढली. मग वाडीत एक लग्न निघालं. आदल्या दिवशी सगळ्या बायका मांडवात कांदे सोलायला बसल्या, तशी हीही जाऊन बसली. मोडक्यातोडक्या मराठीत बोलली, गाण्यांना टाळ्या वाजवल्या, आणि कुणी न सांगता ताटं भरभरून रोल तळले. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. "आपलीच सून हो," असं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं गेलं. ती आनंदाने रडली. मीही टिपं गाळली, खोटं कशाला सांगू.

तिथून धंदा बसला. बारशाला रोल, वाढदिवसाला रोल, पाहुणे आले की रोल, आणि सगळे आपलेपणाने. कुणी नारळ आणून द्यायचं, कुणी भाजी, कुणी तिच्या मुलीला फ्रॉक. नारळावर विमान उडत नाही! रविवारी टेबलापाशी येऊन बायका हक्काने रोल उचलायच्या आणि तिचा गालगुच्चा घेऊन जायच्या. ज्यांना रोज मागायचा संकोच वाटला त्यांनी तिलाच घरी बोलावून पापुद्रा कसा काढायचा ते शिकून घेतलं, आणि हिने जीव ओतून शिकवलं.

मी तिला फैलावर घेतलं. "पैसे माग. तोंड उघड."

"माझ्या गावीही असंच असतं, अते. शेजाऱ्याला बांबूचं घर हलवायचं असलं की सगळे मिळून ते खांद्यावर उचलून देतो. पैसे मागितले तर मी परत बाहेरची होईन."

तिच्या सासूकडे गेले. म्हातारी प्रेमळ होती, तेच तर वांधे. "घरच्या माणसांकडून कोण पैसे घेतो, बाय? तुझ्या घरी घेता?" आमच्या घरचे फणस आजवर वाटण्यातच गेले. नालासोपाऱ्यातल्या तिच्या मैत्रिणीला जिन्यातसुद्धा कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिचं दुकान चाललं. मला तेव्हा या आपलेपणाचा मनापासून संताप आला. आजही येतो.

पावसाळ्यात शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. आई गेली. जायच्या कितीतरी आधी तिला दिसेनासं झालं होतं, हेही तेव्हाच कळलं.

अंगणात रोझरीची प्रार्थना झाली. अख्खी वाडी लोटली. दुःखाच्या घरात चूल पेटू नये म्हणून घराघरातून डबे आले, आणि प्रत्येक डब्यात रोल. हिला तिच्या माहेरचं काहीतरी खायला मिळावं म्हणून बायकांनी खपून केलेले, हुबेहूब तिच्यासारखे. तिने एक खाल्ला. "छान झालेत," म्हणाली. बायका डोळे पुसत होत्या. मला तिथे बसवेना.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. म्हटलं, हिला स्टेशनजवळ, अनोळखी लोकांत गाडी लावून देऊ. कशासाठी, ते मात्र मलाही सांगता आलं नसतं. ती चुलीपाशी होती. तव्यावर पापुद्रा, बाजूला घासूनपुसून ठेवलेले लोकांचे डबे. सासू दारातून सांगत होती, "अगं, दुःखाच्या घरातला डबा रिकामा गेला तरी चालतो."

"रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

तिने एकेक डबा भरला. मग स्टुलावर चढून कपाटावरची बॅग काढली, फडक्याने धूळ पुसली, डबे आत नीट रचले आणि चेन लावली. नवी कोरी चाकं वाडीच्या चिखलातून ओढत ती पहिल्या घराकडे निघाली.