पाणीवाले साहेब

एक खोटे मी कित्येक वर्षे मोठ्या सभ्यपणे सांगत आलो. दर रविवारी मी हौशी मंडळींना जुने पुणे दाखवीत हिंडतो. लष्कर भागातील एका बागेत कुणा इंग्रजाचा अर्धपुतळा आहे. नावाची पाटी केव्हाच गळून पडली आहे. ‘हे कोण?’ असे विचारल्यावर ‘ठाऊक नाही’ म्हणणे मला जमले नाही. ‘यांनी शहरात नळाचे पाणी आणले,’ असे मी ठोकून दिले.

वारज्याच्या एका बाईंनी ते मनावर घेतले. नऊवारीखाली पळायचे बूट घालून त्या दर रविवारी येऊ लागल्या. आधी पदराने साहेबांचे नाक पुसत, मग कमरेवर हात ठेवून सुनावत, “काल पुन्हा करंगळीएवढी धार! लक्ष आहे का आपलं?”

“महापालिकेत तक्रार केलीत तर?” मी एकदा सुचवले.

“केली की! तिथले साहेब जागेवर नसतात. हे निदान असतात.”

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना आणते.” तेव्हा मात्र मला राहवेना.

“बाई, ती पाण्याची गोष्ट मी रचलेली आहे. आपली क्षमा मागतो.”

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले. “माझी कशाला? त्यांची मागा. वर्षभर माझी बोलणी विनाकारण खाल्ली त्यांनी.”

सर्वांदेखत मी पुतळ्यापुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, “साहेब, आपण कोण होतात हे मला ठाऊक नाही. मला क्षमा करा.”